हेलपाटा वाचवणारे जाळे : शहापूर-मुरबाडच्या संदर्भात माहिती तंत्रज्ञान व्यवस्थेच्या स्वयंचलनाचा आढावा

सर्व्हर, साठवणयंत्रे, राउटर, प्रकाशीय तंतूंच्या तारा, वीजपुरवठ्याची साधने आणि या सर्वांना एकत्र चालवणाऱ्या आज्ञावली यांच्या समुच्चयाला माहिती तंत्रज्ञानाची पायाभूत व्यवस्था म्हणतात. या व्यवस्थेवर लक्ष ठेवणे, तिची मांडणी करणे, तिच्यातील दोष शोधणे आणि ते दूर करणे ही कामे माणसाने दर वेळी हाताने न करता, आधी नीट लिहून ठेवलेल्या नियमांनुसार यंत्राकडून करवून घेणे, म्हणजे तिच्या व्यवस्थापनाचे स्वयंचलन होय. या विषयावरील बहुतेक विवेचन मोठ्या कंपन्यांच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून झालेले असल्यामुळे त्यात खर्चाची बचत आणि कमी मनुष्यबळात अधिक काम हे दोनच लाभ ठळकपणे पुढे येतात. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या संदर्भात तपासला आहे. येथे दाखल्यासाठी, रेशनसाठी किंवा सातबाऱ्यासाठी निघालेल्या माणसाचा एक हेलपाटा म्हणजे एका दिवसाचा बुडालेला रोज असतो, आणि म्हणून स्वयंचलनाचा लाभ मोजण्याचे माप येथे हेलपाटा हेच असले पाहिजे.

भूभाग आणि त्यावरचे जाळे

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यात जे सात तालुके उरले, त्यांपैकी शहापूर आणि मुरबाड हे महानगराच्या शेजारी असूनही डोंगराळ, जंगलाचे आणि विखुरलेल्या वस्तीचे तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार शहापूर तालुक्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख १४ हजार आणि मुरबाडची सुमारे १ लाख ९० हजार होती. ही लोकसंख्या गावे, वाड्या आणि पाडे यांत पसरलेली असून तिच्यात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली या आदिवासी समाजांचा वाटा मोठा आहे. शहापूरला वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा अशी रेल्वेस्थानके लाभली आहेत, तर मुरबाडला रेल्वे अद्याप पोहोचलेली नाही आणि माळशेज घाटाच्या पायथ्यापर्यंतचा सारा व्यवहार रस्त्यावर अवलंबून आहे.

या भागाला पायाभूत व्यवस्थेचा एक जुना अनुभव आहे, आणि तो प्रस्तुत विषयाशी थेट जोडलेला आहे. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत. तरीही याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. एखादी वाहिनी गावाजवळून जाणे आणि ती गावासाठी चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथील माणसाला पाण्याने शिकवले आहे, आणि प्रकाशीय तंतूंच्या जाळ्याकडेही याच नजरेने पाहणे आवश्यक आहे.

या जाळ्याची उभारणी टप्प्याटप्प्याने झाली. २०११ मध्ये राज्याने संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, म्हणजे ‘संग्राम’ हा प्रकल्प हाती घेतला आणि ग्रामपंचायतीत संगणक व संगणक परिचालक आले. पुढे त्याच धर्तीवर ‘आपले सरकार सेवा केंद्रे’ सुरू झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ग्रामपंचायतींना प्रकाशीय तंतूंनी जोडणाऱ्या राष्ट्रीय जाळ्यास मंजुरी दिली. तेच पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि त्याच्या दुसऱ्या टप्प्यात राज्याने ‘महानेट’ या नावाने काम हाती घेतले. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ या कायद्याने अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला आणि विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा उपलब्ध झाला, रास्त भाव दुकानांत अंगठ्याचा ठसा घेणारी ई-पॉस यंत्रे आली, आणि १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवरील मजुरांची हजेरी मोबाइल ॲपवर घेणे बंधनकारक झाले.

याच काळात मुरबाड तालुक्यातील धसई या बाजारपेठेच्या गावाने साऱ्या राज्याचे लक्ष वेधून घेतले. १ डिसेंबर २०१६ रोजी हे गाव राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले आणि दुकानादुकानांत स्वाइप मशीन दिसू लागली. नंतरच्या काळात मात्र नेटवर्कच्या अडचणींच्या आणि व्यवहार पुन्हा रोखीकडे वळल्याच्या बातम्याही आल्या. धसईचा अनुभव अपयशाचे उदाहरण म्हणून सांगणे अन्यायाचे ठरेल, कारण गावाने बदलाची तयारी दाखवली होती. त्या अनुभवाचा खरा अर्थ असा की, यंत्र बसवणे हा कामाचा आरंभ असतो आणि ते रोज चालू ठेवणे हे खरे काम असते. त्या रोजच्या कामासाठी स्वतंत्र व्यवस्था लागते.

एका दाखल्याची साखळी

ही रोजची व्यवस्था किती लांब असते, हे एका साध्या दाखल्यावरून समजते. ग्रामपंचायतीच्या केंद्रात संगणक परिचालक उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरतो, तेव्हा त्याच्या संगणकातून निघालेली माहिती प्रथम भिंतीवरच्या एका लहान पेटीत जाते. प्रकाशाच्या संकेताचे विजेच्या संकेतात आणि विजेच्या संकेताचे प्रकाशाच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या या पेटीला ओएनटी म्हणतात. तेथून ती काचेच्या तंतूतून तालुक्याच्या ठिकाणच्या ओएलटी या यंत्राकडे जाते, जे अनेक ग्रामपंचायतींच्या पेट्यांशी एकाच वेळी संवाद साधते. त्यापुढे जिल्हा, मग राज्याचे माहिती केंद्र, तेथील सर्व्हर, विदागार, ओळख पडताळणीची सेवा आणि शेवटी अधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी असा प्रवास पूर्ण झाला, म्हणजे दाखला हाती पडतो.

या साखळीचे गणित कठोर आहे. उदाहरणादाखल असे धरले की, गावातील वीज कामाच्या वेळेपैकी ९५ टक्के, प्रकाशीय तार ९८ टक्के, तालुक्याचे यंत्र ९९ टक्के आणि माहिती केंद्र ९९.९ टक्के वेळ चालू असते, तर प्रत्येक कडी स्वतःपुरती चांगली दिसली तरी चारही कड्या एकाच वेळी चालू असण्याचे प्रमाण या चार आकड्यांच्या गुणाकाराइतके, म्हणजे सुमारे ९२ टक्के भरते. महिन्यातील पंचवीस कामाच्या दिवसांपैकी दोन दिवस सेवा बंद, असा त्याचा अर्थ होतो. खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला यांतील कोणती कडी तुटली हे कळत नाही; त्याला ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ एवढेच ऐकू येते, आणि पुष्कळदा ते सांगणाऱ्या परिचालकालाही त्याहून अधिक ठाऊक नसते. स्वयंचलनाचे सगळे लाभ अखेर या एका वाक्याच्या जागी नेमके उत्तर देण्याशी निगडित आहेत.

स्वयंचलनाची अंगे

व्यवस्थापनाच्या स्वयंचलनाची वाटचाल चार दशकांच्या आसपासची आहे. १९८८ मध्ये एसएनएमपी ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना ‘तू कसा आहेस’ असे एकाच भाषेत विचारणे शक्य झाले. १९९३ मध्ये ऑस्लो येथे मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन ही आज्ञावली तयार केली. तिच्यामागील कल्पना अशी की, यंत्राला कामाच्या पायऱ्या सांगत बसण्याऐवजी त्याची अपेक्षित स्थिती लिहून द्यावी आणि प्रत्यक्ष स्थिती त्याहून वेगळी आढळली तर यंत्राने स्वतःच ती जुळवून घ्यावी. पपेट (२००५), शेफ (२००९), अँसिबल (२०१२), टेराफॉर्म (२०१४) आणि कुबरनेटिस (२०१४) ही त्यानंतरची साधने याच विचाराचा विस्तार होत. या परंपरेतील एक महत्त्वाचा गुण असा की, तीच आज्ञा दहा वेळा दिली तरी परिणाम एकदाच दिल्यासारखा राहतो. नेटवर्क मध्येच तुटणाऱ्या भागात हा गुण विशेष मोलाचा ठरतो, कारण अर्धवट राहिलेले काम निर्धास्तपणे पुन्हा सुरू करता येते.

कामाच्या दृष्टीने स्वयंचलनाची चार अंगे सांगता येतात. पहिले अंग देखरेखीचे, म्हणजे यंत्रांची स्थिती सतत विचारत राहून बिघाडाची सूचना देण्याचे. दुसरे मांडणीचे, म्हणजे सर्व यंत्रांची जडणघडण एकसारखी ठेवण्याचे. तिसरे दुरुस्तीचे, म्हणजे ठरलेल्या बिघाडावर ठरलेला उपाय आपोआप करण्याचे. आणि चौथे क्षमतेचे, म्हणजे मागणीनुसार साधने वाढवण्या-घटवण्याचे. शहापूर-मुरबाडसारख्या प्रदेशात या चारही अंगांचा उपयोग सारखा नाही. देखरेखीचे अंग येथे सर्वांत फलदायी आहे, आणि म्हणून त्याचा विचार अधिक विस्ताराने करणे योग्य ठरेल.

बिघाड आधी कळणे

दुरुस्तीला लागणाऱ्या वेळेचे दोन भाग असतात : बिघाड कळून त्याची जागा सापडेपर्यंतचा वेळ आणि प्रत्यक्ष दुरुस्तीचा वेळ. दूरच्या गावात पहिला भाग दुसऱ्याहून कितीतरी मोठा होऊ शकतो. तुटलेला तंतू जोडणे हे कुशल तंत्रज्ञासाठी काही तासांचे काम असते. पण गावातून तक्रार निघणे, ती योग्य माणसापर्यंत पोहोचणे, तंत्रज्ञाने गावात येऊन वीज तपासणे आणि मग तार तपासायला उलट निघणे यांत दिवस जातात. शहापुरातील डोळखांबच्या किंवा मुरबाडमधील टोकावड्याच्या पुढच्या गावात पावसाळ्यात असा फेरा पडला, तर त्याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

येथे यंत्राची एक लहानशी क्षमता मोठे काम करते. ओएनटीच्या पेटीत थोडी वीज साठवून ठेवलेली असते, आणि बाहेरची वीज गेली की पेटी पूर्ण बंद पडण्यापूर्वी त्या साठ्यावर एक अखेरचा संदेश तालुक्याच्या यंत्राकडे पाठवते. अभियंते त्याला ‘डाईंग गॅस्प’, म्हणजे शेवटचा श्वास म्हणतात. हा संदेश आला, तर बिघाड विजेचा आहे आणि निरोप महावितरणकडे जायला हवा. हा संदेश न येताच पेटी गप्प झाली, तर संशय तारेवर जातो. आणि एकाच तंतूवरच्या सर्व पेट्या संदेश न देता एकाच क्षणी गप्प झाल्या, तर त्यांच्या सामाईक मार्गावर तार तुटल्याचा निष्कर्ष जवळजवळ पक्का होतो. हा विचार माणसालाही करता येतो, परंतु रात्री दोन वाजता शंभर पेट्यांबाबत तो काही सेकंदांत करणे केवळ स्वयंचलित यंत्रणेलाच शक्य आहे.

तार तुटली हे कळल्यावर ती कोठे तुटली हे शोधण्याचे साधनही तितकेच सोपे आणि सुंदर आहे. तंतूत प्रकाशाचा एक अत्यंत लहान ठोका सोडतात. तुटलेल्या ठिकाणाहून त्याचा काही अंश परत येतो, आणि काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असल्यामुळे जाण्यायेण्याच्या वेळेवरून अंतर निघते. ठोका १०० मायक्रोसेकंदांनी परतला, तर त्याने एकूण २० किलोमीटरचा प्रवास केला, म्हणजे तार सुमारे १० किलोमीटरवर तुटली आहे. हे काम पूर्वी तंत्रज्ञ हातातील उपकरणाने करत असे. आता तेच उपकरण तालुक्याच्या ठिकाणी कायमचे जोडून दूरस्थ पद्धतीने चालवता येते. ४ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात अशा दूरस्थ देखरेखीचा समावेश आहे. मात्र हे अंतर तारेच्या लांबीचे असते, रस्त्याचे नसते. तार कोठे वळली, कोणत्या खड्ड्यात तिचे वेटोळे राखीव ठेवले, हे नकाशात नोंदवलेले नसेल, तर यंत्राचे अचूक उत्तरही माणसाला भलत्याच शेतात नेऊन उभे करते. स्वयंचलनाची उपयुक्तता नोंदींच्या प्रामाणिकपणावर उभी असते, हे यावरून स्पष्ट होते.

सुधारित कार्यक्रमातील दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे जाळ्याचा आकार. आधीच्या टप्प्यांतील बरीचशी रचना झाडाच्या फांद्यांसारखी होती आणि फांदी तुटली की तिच्या टोकाकडची सारी गावे तुटत. नव्या रचनेत देशातील सुमारे २ लाख ६४ हजार ग्रामपंचायती वर्तुळाकार जोडणीत घेण्याचे ठरले आहे. अशा वर्तुळात एका बाजूने तार तुटली तर राउटर ती घटना स्वतः ओळखून माहिती उलट बाजूने वळवतात आणि तंत्रज्ञ वाटेत असतानाच सेवा चालू राहते. रस्ते, महामार्ग आणि जलवाहिन्या यांच्या कामांसाठी जेथे जमीन सतत खोदली जाते, त्या भागात याचे महत्त्व मोठे आहे. खोदकामापूर्वी संबंधितांना कळवण्यासाठी २२ मार्च २०२३ रोजी सुरू झालेले ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप याच प्रश्नाची दुसरी बाजू सांभाळते.

एकसारखी मांडणी आणि वेळेवरची दुरुस्ती

शंभर ग्रामपंचायतींतील शंभर राउटरमध्ये एक सुरक्षा-दुरुस्ती करायची आहे आणि तंत्रज्ञ दिवसाला दोन गावे करतो असे धरले, तर पन्नास कामाचे दिवस, म्हणजे सुमारे दोन महिने लागतील. आणि पन्नासाव्या दिवशीच्या थकलेल्या हाताने केलेली मांडणी पहिल्या दिवशीसारखी असेलच याची खात्री देता येणार नाही. अपेक्षित स्थिती एकदा लिहून ती दूरस्थपणे लागू केल्यास हेच काम काही रात्रींत, टप्प्याटप्प्याने आणि सर्वत्र सारखे होते.

या वेगाचे मोल जगाने २०१७ मध्ये अनुभवले. विंडोज प्रणालीतील ज्या दोषाचा फायदा ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या आज्ञावलीने मे २०१७ मध्ये घेतला, त्यावरील दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. जेथे ती वेळेवर बसवली गेली नव्हती, तेथे हानी झाली. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’च्या हल्ल्यामुळे रायगड जिल्ह्यातील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द तसाच ठेवलेल्या उपकरणांचा गैरवापर करून २०१६ मध्ये ‘मिराई’ने लाखो उपकरणे ताब्यात घेतली होती. दूरच्या केंद्रातील राउटर कोणाच्या दृष्टीस पडत नाही म्हणून तो सुरक्षित नसतो. उलट, तेथे कोणी पाहत नाही हीच त्याची सर्वांत मोठी उणीव असते, आणि ती स्वयंचलित तपासणीने भरून निघते.

प्रती, गर्दी आणि नोंदी

बिघाड आधी कळणे आणि एकसारखी मांडणी यांनंतरचा तिसरा लाभ माहितीच्या जपणुकीचा. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत असंख्य कागदी फायली नष्ट झाल्या, आणि एकाच प्रतीवर विसंबण्याचा धोका साऱ्या महाराष्ट्राला समजला. संगणकीय नोंदींचीही प्रत दुसरीकडे नसेल तर त्या कागदाइतक्याच नाजूक असतात. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि एक प्रत वेगळ्या ठिकाणी हा नियम सांगितला जातो, आणि तो रोज न चुकता पाळणे हे यंत्राचेच काम आहे. परंतु प्रत निघते एवढे पुरेसे नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सेवेतील माहिती चुकून पुसली गेली, तेव्हा प्रती काढण्याच्या अनेक पद्धती अस्तित्वात असूनही त्या ऐनवेळी कामी आल्या नाहीत आणि सुमारे सहा तासांची माहिती गमवावी लागली. काढलेली प्रत ठरावीक काळाने खरोखर उघडून पाहण्याची चाचणीही स्वयंचलित असावी, हा त्या घटनेचा धडा आहे. फेरफाराच्या एका हरवलेल्या नोंदीवर कुटुंबाची जमीन अवलंबून असते, त्या ठिकाणी तो अधिकच लागू पडतो.

चौथा लाभ गर्दीच्या वेळचा. ग्रामीण सेवांची मागणी वर्षभर सारखी नसते. दहावी-बारावीच्या निकालानंतर जातीचे, उत्पन्नाचे आणि अधिवासाचे दाखले, पीक विम्याच्या अखेरच्या तारखा, महिन्याच्या सुरुवातीचे धान्यवाटप अशा वेळी ती एकदम वाढते. १ जुलै २०२४ पासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा राज्यभर केंद्रांवर रांगा लागल्या आणि संथ झालेल्या प्रणालीच्या तक्रारी आल्या. मागणी वाढताच अधिक सर्व्हर आपोआप जोडणारी आणि ओसरताच ते काढून घेणारी रचना अशा वेळी उपयोगी पडते. तिच्यासाठी आज्ञावलीही अनेक सर्व्हरवर विभागून चालेल अशीच लिहावी लागते. हे काम तालुक्यात नव्हे, राज्याच्या माहिती केंद्रात करायचे असले, तरी त्याचे फळ पाड्यावरच्या बाईच्या पदरात पडते.

पाचवा लाभ उत्तरदायित्वाचा, आणि सार्वजनिक सेवेच्या दृष्टीने तो सर्वांत मोलाचा मानायला हवा. स्वयंचलित यंत्रणा प्रत्येक बिघाडाची वेळ, जागा, कारण आणि दुरुस्तीचा क्षण लिहून ठेवते. सीईआरटी-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांच्या आत देणे आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपणे आवश्यक आहे, आणि हाताने भरलेल्या वहीच्या आधारे हे पाळता येणे अशक्यप्राय आहे. या नोंदी वाचताना मात्र सरासरीच्या भ्रमापासून सावध राहावे लागते. ९८ टक्के उपलब्धता म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात १४ तास २४ मिनिटे बंद, हा हिशेब एका गावासाठी सहन करण्याजोगा वाटतो. पण शंभर गावांची सरासरी ९८ टक्के असेल, तर त्यातील दोन गावे संपूर्ण महिनाभर बंद असूनही आकडा तोच राहतो. ही दोन गावे बहुधा घाटाच्या पायथ्याची, जंगलातली किंवा धरणापलीकडची असतील. म्हणून प्रत्येक गावाचा आकडा स्वतंत्रपणे मांडला गेला पाहिजे, आणि यंत्रणेने तो मोजलेलाच असल्यामुळे तो ग्रामसभेपुढे ठेवण्यास तांत्रिक अडचण कोणतीही नाही.

मर्यादा आणि धोके

स्वयंचलन योग्य गोष्ट जितक्या वेगाने सर्वत्र पोहोचवते, तितक्याच वेगाने चूकही पोहोचवते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-आज्ञावलीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या एका आज्ञेमुळे फेसबुकची माहिती केंद्रे उर्वरित जगापासून सुमारे सहा तास तुटली. चुकीची आज्ञा अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासणी-आज्ञावलीतच दोष होता, आणि दुरुस्तीची दूरस्थ साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्यामुळे अभियंत्यांना प्रत्यक्ष जागेवर जावे लागले. यातून दोन नियम निघतात : कोणताही बदल आधी मोजक्या ठिकाणी करून, काही काळ निरीक्षण करून मगच सर्वत्र न्यावा, आणि जाळे दुरुस्त करण्याचा मार्ग त्याच जाळ्यावर विसंबलेला नसावा. तालुक्याच्या यंत्रापर्यंत पोहोचण्यासाठी मोबाइल नेटवर्कची वेगळी जोडणी ठेवणे हा दुसऱ्या नियमाचा साधा अवलंब होय.

पुढचा धोका स्वयंचलनाच्या साधनाचाच. ज्या ठिकाणाहून शेकडो यंत्रांना आज्ञा देता येते, ते ठिकाण हल्लेखोराच्या हाती पडले तर सर्वच यंत्रे त्याच्या हाती पडतात. जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना सेवा देणाऱ्या एका कंपनीवर खंडणी-आज्ञावलीचा हल्ला झाला आणि खबरदारी म्हणून देशातील सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे देयक व्यवहार तात्पुरते थांबवावे लागले. म्हणून आज्ञा देण्याचा अधिकार मोजक्यांना, दुहेरी पडताळणीसह आणि प्रत्येक कृतीच्या नोंदीसह असणे अपरिहार्य आहे.

शेवटची मर्यादा भौतिक आहे. वीज नसेल, बॅटरी निकामी झाली असेल, पेटीवर छपराचे पाणी गळत असेल, तर कोणतीही आज्ञावली ती पेटी सुरू करू शकत नाही. यंत्रणा फार तर बॅटरीचा दाब घसरत चालल्याचे आठवडाभर आधी सांगू शकते; ती बदलायला माणूस, वाहन आणि सुटा भाग लागतोच.

माणसाचे स्थान

यामुळे स्वयंचलनाने रोजगार जातो, या भीतीचा विचार या प्रदेशापुरता वेगळ्या तऱ्हेने करावा लागतो. येथे जादा माणसे बसून असल्याची स्थिती नाही. एकाच तंत्रज्ञाच्या वाट्याला डोंगरापलीकडची अनेक गावे येतात, ही खरी अडचण आहे. गूगलच्या अभियंत्यांनी सेवा विश्वासार्ह ठेवण्याविषयी जी पद्धत मांडली, तिच्यात पुन्हा पुन्हा हाताने करावे लागणारे आणि कायमचे काही न सुधारणारे काम अभियंत्याच्या वेळेच्या निम्म्याहून अधिक असू नये, असे सूत्र आहे. तेच सूत्र येथे लावले, तर बिघाडाचा शोध यंत्राकडे गेल्यावर तंत्रज्ञाचा वाचलेला वेळ प्रतिबंधक देखभालीकडे वळू शकतो. संगणक परिचालकाच्या बाबतीतही हेच खरे आहे. गावातील लोकांचा रोष प्रथम त्याच्यावर निघतो, कारण व्यवस्थेचा गावाला दिसणारा चेहरा तोच असतो. कोणती कडी तुटली आणि ती केव्हा जोडली जाईल हे त्याच्या पडद्यावर दिसले, तर तो ‘उद्या या’ याऐवजी ‘दुपारी तीननंतर या’ किंवा ‘आज निघूच नका’ असे सांगू शकेल, आणि तोच निरोप पाड्यावर फोनने पोहोचला तर हेलपाटा घडण्याआधीच टळेल. दिवाळीनंतर वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबाकडे कागदपत्रांसाठी मोजकेच दिवस असतात. त्यांच्या दृष्टीने हा निरोप म्हणजे सोय नसून हक्काचा भाग आहे.

निष्कर्ष

एकूण आढाव्यातून असे दिसते की, माहिती तंत्रज्ञान व्यवस्थेच्या स्वयंचलनाचा शहापूर-मुरबाडसारख्या प्रदेशातील पहिला आणि खरा लाभ खर्चाच्या बचतीचा नसून दूरचे गाव व्यवस्थेच्या नजरेत येण्याचा आहे. एकसारखी मांडणी, वेळेवरची सुरक्षा, जपलेल्या प्रती आणि गर्दी पेलण्याची क्षमता हे लाभ त्याच्यामागून येतात. हे लाभ पदरात पडण्यासाठी तारांच्या मार्गांचे अचूक नकाशे, ग्रामपंचायतीत भरवशाची वीज, तालुक्याच्या ठिकाणी सुट्या भागांचा साठा, टप्प्याटप्प्याने बदल करण्याची शिस्त, परिचालकाला स्थिती दाखवणारा पडदा आणि गावनिहाय उपलब्धतेचा जाहीर ताळेबंद या सहा गोष्टी आवश्यक आहेत, आणि त्यांपैकी एकही तंत्रज्ञानाच्या आवाक्याबाहेरची नाही. धरणाचे पाणी दारावरून वाहून जाताना पाहिलेल्या या तालुक्यांच्या बाबतीत तंतूंतून जाणाऱ्या माहितीचे तसे होऊ नये, याची जबाबदारी धोरण आखणारे, जाळे चालवणारे आणि त्यांना जाब विचारणारी ग्रामसभा या तिघांची आहे. बिघाडाची पहिली खबर खिडकीवरच्या माणसाच्या रिकाम्या हातांनी न मिळता यंत्राकडून मिळेल, तेव्हाच हे जाळे गावासाठी चालते असे म्हणता येईल.